यूकेतलं गारठलेलं भाड्याचं घर कमी पैशात उबदार कसं ठेवायचं

सप्टेंबरमध्ये घर बघायला जातो तेव्हा बाहेर ऊन असतं, एजंट गोड बोलतो आणि आपण भाडं, बस स्टॉप आणि जवळचं इंडियन दुकान एवढंच बघून सही करून मोकळे होतो. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, नोव्हेंबर संपता संपता दुपारी चारलाच अंधार पडायला लागतो आणि तेव्हा कळतं की खिडकी सिंगल ग्लेझ, म्हणजे एकेरी काचेची आहे, दाराखालून वारा येतोय आणि हीटिंग लावलं की मीटर पळत सुटतंय. घरी फोनवर सांगितलं की आई म्हणते, अरे पुण्यात पण थंडीच आहे की. आहे ना, निफाडला तर पारा पाच-सहावर जातो, पण तिथे सकाळी नऊला ऊन येतं आणि हवा कोरडी असते. इथे आठवडाभर सूर्य दिसत नाही आणि थंडीबरोबर ओल येते, खरा त्रास त्या ओलीचा असतो.

हे मी इंग्लंडमधल्या घरांबद्दल लिहितोय, लेस्टर, कॉव्हेंट्री, शेफील्डसारख्या ठिकाणच्या जुन्या टेरेस घरांत, म्हणजे एकमेकांना चिकटून रांगेत असलेल्या घरांत, किंवा दुकानावरच्या फ्लॅटमध्ये आपले स्टुडंट आणि नवीन नोकरीवाले राहतात ना, ती घरं. स्कॉटलंडचे कायदे वेगळे आहेत, बाकी युक्त्या तिथेही चालतात. सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो, थंडी वाजली की लोक पहिलं काम काय करतात तर ऑनलाइन हीटर मागवतात, आणि ते काम खरं तर सगळ्यात शेवटी करायचं असतं. आधी फटी बुजवा, मग ओल काढा, मग आहे ते हीटिंग नीट चालवा, मग स्वतःला गरम ठेवा, आणि एवढं करूनही भागलं नाही तरच हीटर.

आधी घर कशावर गरम होतं ते बघा

तीन प्रकार असतात. गॅसचा बॉयलर आणि भिंतीला पांढरे रेडिएटर, हा सगळ्यात स्वस्त. दुसरा म्हणजे विजेचे स्टोरेज हीटर, जाडजूड, जड, वर दोन बटणं असलेले, हे जास्त करून फ्लॅटमध्ये. तिसरा म्हणजे भिंतीवरचे साधे पातळ इलेक्ट्रिक पॅनल हीटर, आणि हे असतील तर खिसा सांभाळा. कारण साधं आहे, २०२५-२६ च्या हिवाळ्यात विजेचं युनिट २६ ते २८ पेन्सच्या घरात होतं आणि गॅसचं ६ पेन्सच्या आसपास. म्हणजे तीच ऊब विजेवर चारपट महाग पडते. दर ऑफजेम या सरकारी नियामकाने ठरवलेल्या कमाल दराप्रमाणे (कॅप) दर तीन महिन्यांनी बदलतात, तेव्हा आपलं बिल काढून युनिटचा दर स्वतः बघून ठेवा, पुढचे सगळे हिशोब त्याच्यावरच चालतात.

हिशोब असा, हीटरवर किती वॉट लिहिलंय ते बघायचं, १००० वॉट म्हणजे तासाला एक युनिट. २००० वॉटचा फॅन हीटर एक तास चालला की २७ पेन्सच्या दराने ५४ पेन्स गेले. रोज पाच तास म्हटलं तर दोन पौंड सत्तर, महिन्याला ८१ पौंड, आणि ते एका खोलीचे. हा आकडा एकदा डोक्यात बसला की फटी बुजवायचा आळस आपोआप जातो.

फटी शोधायला उदबत्ती

वारा सुटलेला असेल असा दिवस निवडा. हीटिंग बंद, किचनचा आणि बाथरूमचा एक्झॉस्ट बंद, सगळी दारं-खिडक्या लावून घ्या. आता देवाजवळची एक उदबत्ती पेटवा आणि खिडकीच्या चौकटीच्या कडेकडेने हळूहळू फिरवा, काचेपासून बोटभर अंतरावर. धूर सरळ वर जातोय तिथे ठीक आहे, जिथे तो अचानक आडवा होऊन खोलीत वळतो तिथे फट आहे, पेन्सिलने खूण करा. जुन्या सॅश खिडक्या, म्हणजे त्या वर-खाली सरकणाऱ्या, त्यांच्यात दोन्ही फळ्या मधोमध जिथे भेटतात तिथे धूर हमखास वाकतो. त्यानंतर दाराखाली, टपालाच्या झडपेपाशी, कुलपाच्या भोकापाशी, भिंतीतून पाइप बाहेर जातो तिथे, आणि स्कर्टिंग म्हणजे भिंतीखालची लाकडी पट्टी आणि फरशी यांच्यामध्ये. पडद्यापासून लांब धरा आणि स्मोक अलार्मखाली उभं राहून हे करू नका, सगळं घर गोळा होईल.

मग बुजवायचं. खिडकीच्या हलत्या भागाला फोमची चिकटपट्टी मिळते, तीन-चार पौंडात दोन खिडक्या होतात. फार जाड घेऊ नका, खिडकी लागतच नाही मग. दाराखाली विकतचा ड्राफ्ट एक्सक्लूडर, म्हणजे वारा अडवायची गुंडाळी, लावायची काही गरज नाही, जुन्या जीन्सचा एक पाय कापा, एक टोक शिवा, आत जुने कपडे ठासून भरा आणि दुसरं टोक शिवा, झालं. टपालाच्या झडपेला आतून ब्रश लावता येतो पण त्याला स्क्रू लागतात, तेव्हा लँडलॉर्डला विचारा. खोलीत जुनी फायरप्लेस असेल आणि वापरात नसेल तर चिमणीतून घरातली गरम हवा दिवसरात्र वर जात असते, तिच्यात लोकरीचा किंवा फुगवायचा बोळा बसवतात, तो वीस-तीस पौंडाला येतो. बसवलात तर फायरप्लेसवर चिठ्ठी लावून ठेवा की आत बोळा आहे, उद्या कोणी विस्तव पेटवला तर पंचाईत. आणि त्या जागी गॅस फायर बसवलेली असेल तर चिमणीला अजिबात हात लावायचा नाही.

काय बुजवायचं नाही तेही सांगतो. खिडकीच्या वरच्या बाजूला बारीक लांब झडप असते, ट्रिकल व्हेंट म्हणतात, भिंतीत जाळीची वीट असते, बाथरूमला एक्झॉस्ट असतो, ही सगळी मुद्दाम ठेवलेली आहेत. गॅसचं उपकरण असलेल्या खोलीतली जाळी बंद करणं तर जिवाशी खेळ आहे.

खिडकी आणि पडदे

सिंगल ग्लेझ काचेसाठी सेकंडरी ग्लेझिंग फिल्म येते, पातळ प्लास्टिक आणि सोबत दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, दहा पौंडाच्या आतबाहेर मिळून जाते. चौकट कोरड्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या, चारही बाजूंना टेप, त्यावर फिल्म थोडी सैल लावा आणि हेअर ड्रायर फिरवा, सुरकुत्या जाऊन ती ताणून बसते. काच आणि फिल्ममध्ये अडकलेली हवा थंडी अडवते. दोन गोष्टी सांभाळा, प्रत्येक खोलीत एक खिडकी उघडता येईल अशी मोकळी ठेवा, आग लागली तर बाहेर पडायचा तोच रस्ता असतो, आणि वसंतात काढताना टेप ड्रायरने गरम करून हळू सोला नाहीतर रंग निघतो आणि डिपॉझिटमधून पैसे जातात.

पडद्यांवर पैसे घालायचे असतील तर चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात जा, जाड अस्तरवाले पडदे तिथे नव्याच्या मानाने मातीमोल भावात मिळतात, लांब असले तर खालून दुमडून टाके घाला. लँडलॉर्डने दिलेले पातळच असतील तर त्यांच्या मागे फ्लीसचं ब्लँकेट क्लिपने अडकवा. गावाहून आणलेली गोधडी किंवा वाकळ असेल तर तीही चालते, फक्त ती जड असते, दांडी सोसेल का बघा. अंधार पडायच्या आधी पडदे ओढायचे, आणि खिडकीखाली रेडिएटर असेल तर पडदा रेडिएटरच्या मागे खोचायचा किंवा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा. रेडिएटरवरून खाली लोंबला तर सगळी ऊब पडदा आणि काच यांच्यामध्येच राहते आणि आपण पैसे भरून रस्ता गरम करत बसतो.

बॉयलर आणि रेडिएटर

रेडिएटर चालू करून अर्ध्या तासाने हात लावून बघा. वरून गार आणि खालून गरम म्हणजे आत हवा अडकलीये, हे घरच्या घरी होतं. मधे खालच्या बाजूला गार आणि वर गरम म्हणजे गाळ साचलाय, ते लँडलॉर्डचं काम.

हवा काढायला रेडिएटर की घ्या, हार्डवेअरच्या दुकानात एक-दोन पौंडाला मिळते, पितळेची छोटी चावी. हीटिंग बंद करून रेडिएटर गार होऊ द्या. वरच्या कोपऱ्यात चौकोनी खिळ्यासारखं टोक असतं, त्यावर चावी बसवा, खाली जुनं फडकं आणि वाटी धरा, आणि चावी डावीकडे अर्धाच फेरा फिरवा. सूं असा आवाज येतो, ती हवा. थोड्या वेळाने आवाज फुटतो, थुंकल्यासारखं पाणी येतं आणि मग सरळ धार लागते, की लगेच बंद. पाणी काळपट असतं तेव्हा फिकट कार्पेट सांभाळा. नंतर बॉयलरवरचा प्रेशरचा काटा बघा, थंड असताना एक ते दीड बार हवा. खाली गेला असेल तर बॉयलरखाली पाणी भरायचा नळ असतो, मॅन्युअलमध्ये चित्र दिलेलं असतं, आणि जमेल असं वाटत नसेल तर लँडलॉर्डला मेसेज करा, उगाच पाने घेऊन बॉयलर उघडत बसू नका.

रेडिएटरच्या कडेला १ ते ५ आकड्यांचा गोल नॉब असतो, तो थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह. लोकांना वाटतं ५ वर केलं की लवकर गरम होतं, तसं काही होत नाही, खोली किती तापल्यावर थांबायचं एवढंच तो ठरवतो. बसायच्या खोलीत ३, झोपायच्या खोलीत २, आणि रिकाम्या खोलीत १ वर ठेवा. पूर्ण बंद करू नका, त्या खोलीत बुरशी धरते. आणि त्या रिकाम्या खोलीचं दार लावून घ्या.

भिंतीवरचा थर्मोस्टॅट किती ठेवायचा? डब्ल्यूएचओने २०१८ मध्ये घरात कमीत कमी १८ अंश असावं असं सांगितलंय, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर थोडं जास्त. माझ्या मते धडधाकट माणसाला स्वेटर घालून १८ पुरतं, १४-१५ वर दात खात राहायचं आणि मग भिंतीला बुरशी आली म्हणून रडायचं यात काही बचत नाही. टायमर लावा, उठायच्या अर्धा तास आधी चालू आणि झोपायच्या अर्धा तास आधी बंद. दिवसभर मंद चालू ठेवलं की स्वस्त पडतं असं शेअरिंगमधला एक तरी गडी छातीठोकपणे सांगतोच, पण घर जेवढा वेळ बाहेरच्यापेक्षा गरम तेवढा वेळ ऊब बाहेर जात राहणार, त्यामुळे घरात कोणी नसताना हीटिंग बंद किंवा अगदी खाली असलेलंच बरं.

एक फुकटातली गोष्ट खूप जणांना माहीत नसते. कॉम्बी बॉयलर असेल, म्हणजे घरात गरम पाण्याची वेगळी टाकी नसेल, तर बॉयलरवर दोन सेटिंग असतात, एक नळाच्या चित्राचं आणि एक रेडिएटरच्या चित्राचं. रेडिएटरचं बहुतेक वेळा ७५-८० वर असतं, ते ५५-६० वर आणा. परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असलं तरच हे बॉयलर धुरातली ऊब पकडू शकतात, नाहीतर ती बाहेर वाया जाते. रेडिएटर हाताला कमी गरम लागतील, खोली तापायला वेळ लागेल, पण गॅस कमी जळतो. कडाक्याच्या थंडीत पुरेनासं झालं तर थोडं वाढवा. टाकी असलेल्या घरात मात्र हे करू नका, टाकीतलं पाणी ६० च्या खाली राहिलं तर त्यात लिजिओनेला नावाचा घातक जंतू वाढू शकतो.

स्टोरेज हीटर असेल तर

यावर दोन बटणं असतात, इनपुट आणि आउटपुट. आतमध्ये विटा असतात, त्या रात्री स्वस्त विजेवर तापतात आणि दिवसभर ऊब सोडतात. इकॉनॉमी सेव्हन टॅरिफ असेल तर रात्री सात तास वीज स्वस्त आणि दिवसा साध्या टॅरिफपेक्षाही महाग. इनपुट म्हणजे आज रात्री किती साठवायचं, उद्या थंडी जास्त पडणार असेल तर आदल्या संध्याकाळी वाढवून ठेवायचं. आउटपुट म्हणजे साठवलेलं किती भराभर सोडायचं, हे झोपताना अगदी कमी करायचं आणि संध्याकाळी घरी आल्यावर वाढवायचं. रात्री आउटपुट उघडं राहिलं की सगळी ऊब आपण झोपेत असताना निघून जाते आणि संध्याकाळी हीटर थंड, मग लोक बूस्ट दाबतात आणि ते महागड्या विजेवर चालतं. मीटर खरंच दोन दर दाखवतोय का हे सप्लायरला विचारून घ्या, कधीकधी घरात स्टोरेज हीटर असतात आणि टॅरिफ मात्र साधा एकच दराचा, मग या सगळ्या खटाटोपाचा उपयोग शून्य.

ओल, म्हणजे आपला स्वयंपाक आणि आपले कपडे

आपण दोन वेळा भात लावणारी माणसं, वरण उकळतंय, चहा उकळतोय, कुकरच्या शिट्ट्या चालल्यात, वर रेडिएटरवर टॉवेल वाळतोय, आणि बाहेर थंडी म्हणून खिडकी बंद. एका मशीनभर कपड्यांतून दीड-दोन लिटर पाणी घरातल्या हवेत जातं. ते कुठे जाणार, तर सगळ्यात गार जागी, म्हणजे काचेवर, कपाटामागच्या बाहेरच्या भिंतीवर, छताच्या कोपऱ्यात, आणि तिथे काळे ठिपके. शिवाय दमट हवेत तेवढ्याच तापमानाला जास्त गारठा वाटतो.

सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा. हे ऐकून सगळे वेड्यात काढतात, पण बाहेर ५ अंश आणि ९० टक्के दमट असलेली हवा घरात येऊन १८ अंशांना तापली की तिचा दमटपणा ४० टक्क्यांच्या आसपास येतो, कारण थंड हवेत मुळात पाणीच कमी मावतं. दहा मिनिटांत फक्त हवा बदलते, भिंती आणि सामान गरमच राहतं, त्यामुळे खोली पटकन पुन्हा तापते. बारीक फट दिवसभर उघडी ठेवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

स्वयंपाक करताना भांड्यावर झाकण, किचनचं दार बंद, एक्झॉस्ट चालू आणि जेवण झाल्यावरही थोडा वेळ चालू. अंघोळीनंतर बाथरूमचं दार लावून घ्यायचं, वाफ बाहेर सोडून घर गरम होत नाही, ओलं होतं. सकाळी काचेवरचं पाणी फडक्याने टिपून ते फडकं बेसिनमध्ये पिळायचं, परत रेडिएटरवर टाकायचं नाही. कपाट आणि पलंग बाहेरच्या भिंतीपासून पाच-दहा सेंटीमीटर पुढे ओढा. भारतातून आणलेल्या बॅगा कपाटावर भिंतीला चिकटवून ठेवतो ना आपण, त्यांच्या मागे बघा जरा.

कपडे एकाच खोलीत वाळवा, दार बंद आणि खिडकी थोडी उघडी. पैसे जमले तर डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र घ्या, आणि चार जण मिळून घेतला तर उत्तमच. छोटा साधारण १५०-२०० वॉट खातो, म्हणजे तासाला चार-पाच पेन्स, कपडे एका रात्रीत वाळतात आणि सकाळी त्याच्या डब्यात साचलेलं पाणी बघून पटतं की हे सगळं आपण श्वासात घेत होतो. सेकंडहँडही बरे मिळतात, फक्त घेताना तिथेच चालू करून बघा. सोबत पाच-सात पौंडाचा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र घ्या, ४० ते ६० टक्क्यांत काटा राहिला पाहिजे.

बुरशी आलीच तर कोरड्या ब्रशने घासू नका, कण हवेत उडतात. मास्क आणि हातमोजे घालून मोल्ड रिमूव्हर मारा, खिडकी उघडी ठेवा, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. पुसायच्या आधी फोटो काढून ठेवा, ते पुढे लागतील.

आता स्वतःला गरम करा

इलेक्ट्रिक ब्लँकेट, सिंगलचं जास्तीत जास्त शंभर वॉट, तीस पौंडाच्या आसपास. गादीवर, चादरीखाली अंथरायचं, झोपायच्या अर्धा तास आधी लावायचं. अगदी रात्रभर फुल ठेवलं तरी २२ पेन्सच्या आत, म्हणजे तो २००० वॉटचा हीटर जेवढे पैसे पंचवीस मिनिटांत खातो तेवढे. मला विचाराल तर सगळ्या यादीत याच्याइतकी पैसे वसूल वस्तू नाही. घरून काम किंवा अभ्यास असेल तर अंगावर घ्यायचं हीटेड थ्रो मिळतं, तेही तासाला तीनेक पेन्स. सेकंडहँड मात्र घेऊ नका, घडी घालून ठेवलेलं असेल तर आतल्या तारा मोडलेल्या असू शकतात. आणि त्यासोबत गरम पाण्याची पिशवी वापरायची नाही.

पिशवी वापरायची तर वेगळी, पण उकळतं पाणी ओतू नका, केटल बंद झाल्यावर पाच मिनिटं थांबा, दोन तृतीयांश भरा आणि वरची हवा दाबून काढून मग बूच लावा. पिशवीच्या गळ्याजवळ एक छोटं फुलाचं चित्र असतं, त्याच्या मधोमधचा आकडा म्हणजे ती कुठल्या साली बनली ते वर्ष. दोन-तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर फेकून द्या, रबर फाटतं आणि मांडीवर पाणी सांडून भाजलेली माणसं दवाखान्यात जातात.

कपड्यांचं काय सांगायचं, थंडी पायातून आणि कानातून शिरते हे आजी सांगायची ते इथे पुरेपूर कळतं. आतून थर्मल, वर सुती नको तर फ्लीस किंवा लोकर, पायात लोकरीचे मोजे आणि घरातली जाड सोलची चप्पल. कानटोपी घालून झोपायला लाज कसली. फरशी लाकडी असेल तर जिथे पाय ठेवून बसता तेवढ्या जागेत तरी रग टाका. भारतातून येणार असाल तर बॅगेत जाड जॅकेट कोंबू नका, ते इथे सेलमध्ये मिळतं, त्याऐवजी एक बरी घोंगडी किंवा आईच्या जुन्या सुती साड्यांची गोधडी आणा. ड्युवेच्या, म्हणजे इथल्या जाड पण हलक्या पांघरुणाच्या, वर टाकली की तिच्या वजनाने ड्युवे अंगाला धरून राहतो आणि कडेने वारा शिरत नाही.

हीटर घ्यावाच लागला तर

सिरॅमिक, इन्फ्रारेड, ऑइल, फॅन, नाव काहीही असो, एक युनिट विजेतून एक युनिटच ऊब निघते. भिंतीच्या प्लगमध्ये बसणारा चिमुकला हीटर पाच मिनिटांत घर गरम करतो अशा जाहिराती फिरतात, त्यावर विश्वास ठेवू नका, ५०० वॉटचा हीटर ५०० वॉटचीच ऊब देणार. खोलीत दोन-तीन तास बसायचं असेल तर थर्मोस्टॅट आणि टायमरवाला ऑइल रेडिएटर घ्या, तापमान गाठलं की बंद होतो. दहा मिनिटांसाठी फॅन हीटर बरा. हीटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावायचा, एक्स्टेंशनवर नाही, त्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत आणि तो चालू ठेवून झोपायचं नाही.

गॅसची शेगडी पेटवून किचन गरम करणं, कुंडीखाली मेणबत्त्या लावणं, बार्बेक्यूचे निखारे घरात आणणं, हे कृपा करून नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं दुखतं, मळमळतं आणि माणूस झोपेतच जातो. १ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड अलार्म बसवणं लँडलॉर्डवर बंधनकारक आहे. नसेल तर मागा, आणि गॅसचं दर वर्षीचं सेफ्टी सर्टिफिकेटही मागा.

मीटर आणि लँडलॉर्ड

घरात शिरल्या दिवशी मीटरचा फोटो काढा आणि सप्लायरला रीडिंग कळवा, प्रीपेमेंट मीटर, म्हणजे आधी पैसे भरून चालणारा, असेल तर आधीच्या भाडेकरूचं कर्ज तुमच्या टॉप-अपमधून कापलं जाऊ शकतं, आणि ते फोन करून थांबवता येतं. स्टँडिंग चार्ज काही न वापरताही लागतो, २०२५-२६ च्या हिवाळ्यात तो वीज आणि गॅस मिळून रोज ८५-९० पेन्सच्या आसपास होता, म्हणून प्रीपेमेंटवाल्यांनी उन्हाळ्यात थोडे थोडे जास्त भरून ठेवले तर डिसेंबरात दम लागत नाही. बिल तुमच्या नावावर असेल तर सप्लायर बदलायचा हक्क तुमचा आहे. लँडलॉर्ड तुम्हाला वीज विकत असेल तर त्याला पडलेल्या दरापेक्षा जास्त लावायची त्याला परवानगी नाही. वॉर्म होम डिस्काउंट या योजनेतून बिलात सूट म्हणून मिळणारे १५० पौंड बहुतेक करून सरकारी बेनिफिट घेणाऱ्यांना असतात, त्यामुळे स्टुडंट व्हिसावाल्यांनी त्याच्या मागे न लागता युनिव्हर्सिटीच्या हार्डशिप फंडाची, म्हणजे अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठीच्या मदतनिधीची, चौकशी करावी. आणि दुपारभर लायब्ररीत जाऊन बसणं यात काही कमीपणा नाही, कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बऱ्याच लायब्ररीत हिवाळ्यात त्यासाठीच मुद्दाम जागा ठेवतात.

बिघडलेलं हीटिंग आणि गरम पाणी दुरुस्त करणं लँडलॉर्डचं काम आहे, लँडलॉर्ड अँड टेनंट अॅक्ट १९८५ च्या कलम ११ मध्ये ते लिहिलंय, करारात काहीही छापलेलं असो. फोनवर गोड बोलून टोलवतात, म्हणून ईमेल करा, तारीख, खोलीतल्या तापमानाचा फोटो, बुरशीचे फोटो. 'घर थंड आहे' असं मोघम लिहू नका, 'बेडरूमचा रेडिएटर खालून गार आहे, संध्याकाळी सातला खोलीत १३ अंश होते' असं लिहा. तुम्ही खिडक्या उघडत नाही म्हणून बुरशी येते असं उत्तर येतंच येतं, तेव्हा हायग्रोमीटरचे फोटो कामी येतात. तरीही ढिम्म असतील तर कौन्सिलच्या प्रायव्हेट हाउसिंग किंवा एन्व्हायर्नमेंटल हेल्थ टीमला कळवा, त्यांच्या तपासणीतल्या धोक्यांमध्ये अति थंडी हा एक स्वतंत्र धोका आहे, आणि ओल-बुरशी हा दुसरा.

पुढचं घर बघाल तेव्हा आधी सरकारी वेबसाइटवर पोस्टकोड टाकून ईपीसी बघा, म्हणजे घर ऊर्जेच्या बाबतीत किती चांगलं ते ए (उत्तम) ते जी (वाईट) अशा श्रेणीत सांगणारं सर्टिफिकेट, फुकट असतं. १ एप्रिल २०२० पासून सूट नोंदवलेली नसेल तर ई पेक्षा खालचं घर भाड्याने देता येत नाही, पण ई म्हणजे काही बरं घर नव्हे, सी मिळालं तर दहा-वीस पौंड भाडं जास्त असलं तरी हिवाळ्यात वसूल होतं. १९२० च्या आधीच्या घरांच्या भिंती बहुतेक भरीव असतात, मधे पोकळी नसते, त्यात कोपऱ्यावरच्या घराला एक भिंत जास्तीची उघडी पडते, तेव्हा टेरेसमधलं मधलं घर घ्या, किंवा फ्लॅट असेल तर वर-खाली दोन्हीकडे माणसं राहत असलेला. एजंट किचन दाखवत असताना तुम्ही बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवर पंजा ठेवून बघा, कपाटामागे मोबाइलचा टॉर्च मारा, आणि कोपऱ्यात नुकताच पांढरा रंग मारल्याचा वास आला तर थेट विचारा की या रंगाखाली काय होतं.